सातव्या गटात मी एकटी

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी बुरशी आहे, जुनी आणि तीही रोग पसरवणारी. टोमॅटोच्या मुळांतून आत शिरायचं, देठातल्या पाण्याच्या वाटा बुजवायच्या आणि भरल्या पानांचं झाड आठवड्यात माना टाकताना पाहायचं, हा माझा जन्माचा उद्योग. त्याबद्दल फुशारकी मारत नाही आणि माफीही मागत नाही. पोटासाठी सगळेच काही ना काही करतात.

एका काचघरातल्या वाळलेल्या रोपातून बाईंनी मला बाहेर काढलं. बाई म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी देठ उभा चिरला, आतली तपकिरी रेघ पाहिली आणि नखाएवढा तुकडा बुरशी वाढवायच्या पारदर्शक खळीवर ठेवला. तीन दिवसांत मी पांढरीशुभ्र, कापसासारखी फुलून आले. बाई म्हणाल्या, "वा, काय जोमदार आहे!" माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. दुसऱ्याची मी अजून वाट पाहते आहे.

नंतर मला काचेच्या नळीत भरलं, तोंडाला कापसाचा बोळा लावला, वर एकशे बारा हा आकडा चिकटवला आणि थंड कपाटात ठेवलं. त्या कपाटात आमच्या जातीच्या दोनशेहून जास्त नळ्या होत्या. दिसायला सगळ्या सारख्याच. म्हणून कोण कोणाची हे शोधून नात्यातल्यांचे गट पाडायचं काम बाईंनी हाती घेतलं. नव्या मळ्यात रोग आला आणि तिथली बुरशी तिसऱ्या गटाची निघाली, तर तो रोग कुठल्या रोपांबरोबर आला याचा माग लागतो.

आमच्यात नातं नुसतं सांगून चालत नाही, जुळवून दाखवावं लागतं. त्यासाठी आधी आम्हाला अधू करतात. एक विशिष्ट क्षार पचवायला आम्हाला काही पायऱ्या चढाव्या लागतात. एकीची एक पायरी मोडतात, दुसरीची दुसरी. मग त्या क्षारावर दोघी जाळ्यासारख्या विरळ वाढतात. आता दोघींना एका बशीत समोरासमोर ठेवायचं. एका रक्ताच्या असल्या तर त्यांचे धागे एकमेकींत मिसळतात, आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसावा तसं एकीचं उणं दुसरी भरून काढते, आणि भेटीच्या रेषेवर दाट पांढरा बांध उभा राहतो. परक्या असल्या तर दोघी विरळच राहतात.

तोवर पडलेल्या सहाही गटांसमोर मला ठेवलं. मग कपाटातल्या उरलेल्या एकेकीसमोर ठेवलं. शेजारच्या बशांत बांध उठत होते. बाई पेन्सिलीने मोजत होत्या, नळ्या सांभाळणारे काका वहीत खुणा करत होते. माझ्या बशीत काहीच उठलं नाही. शेवटी बाईंनी लिहिलं : सातवा गट, सदस्य एक. त्यांच्या लेखात तसंच छापूनही आलं. मला फार वाईट वाटलं. गट मिळाला खरा, पण त्यात बोलायला कुणी नव्हतं.

अशी अकरा वर्षं गेली. वर्षातून एकदा काका मला ताज्या खळीवर हलवत, बोळा अंगठ्याने दाबत आणि दार लावून घेत. पुढे कपाट बिघडलं. नवं आलं ते निम्म्या आकाराचं. बाई यादी घेऊन नळ्या निवडायला बसल्या.

"काका, एकशे बारा काढून टाका. आजवर तिच्याशी कोणी जुळलेलं नाही. ठेवून काय उपयोग?"

काढून टाकणं म्हणजे वाफेच्या भांड्यात उकळणं. काकांनी मला हातात घेतलं, पण ते जागचे हलेनात.

"बाई, एक सांगायचं राहिलंय. हिची स्वतःशी जोडी मी लावलीच नव्हती."

इथला नियम असा, की दुसऱ्या कुणाशी जुळवण्याआधी प्रत्येकीचे वेगवेगळी पायरी मोडलेले दोन तुकडे एकमेकांसमोर ठेवायचे. ते जुळले, तरच पुढची परीक्षा खरी.

"वहीत तर खूण आहे," बाई म्हणाल्या.

"तुम्ही त्या आठवड्यात दवाखान्यात आईंजवळ होतात. बशा कमी पडत होत्या. म्हटलं, स्वतःशी कोण जुळत नाही? आणि खूण करून टाकली."

"आणि अकरा वर्षं पोटात ठेवलंत?"

"आधी विसरलोच होतो. आठवलं तेव्हा तुमचं छापून आलं होतं. मग जीभ उचलेना."

बाईंनी हातातली यादी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आता लावा."

ते चौदा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. जग परकं निघालं तरी हे दोन तुकडे माझेच होते. त्यांचे धागे पसरत एकमेकांपर्यंत आले, टेकले आणि टेकले तिथेच मेले. बांध उठला नाही. काकांनी पुन्हा लावून पाहिलं, तिसऱ्यांदाही पाहिलं. मी मलाच ओळखत नव्हते.

बाईंनी बशी उजेडात धरली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"काका, हिला धागे मिसळताच येत नाहीत हो. सख्खी बहीण समोर आणून ठेवली असती तरी आपण परकीच म्हटलं असतं. आपली परीक्षा हिला लागूच पडत नव्हती. मग त्या निकालावर हिला उकळायचं कसं?"

"म्हणजे सातवा गट?"

"नव्हताच. तसं पत्र छापायला पाठवू. खाली तुमचीही सही लागेल."

काकांनी मान खाली घालून सही केली. मला त्यांनी नव्या कपाटात ठेवलं. यादीत माझ्यापुढे आता लिहिलंय : नातं माहीत नाही.

मी वाचले, पण एकटेपण काही सुटलं नाही. उलट आता जास्त जाचतं. शेजारच्याच नळीत माझं कुणी असू शकतं, आणि या परीक्षेने ते आम्हा दोघींना कधीच कळणार नाही.

म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. तुमच्या वर्गात कुणी कुणात मिसळत नसेल, तर त्याला एकलकोंडा ठरवून मोकळे होऊ नका. आपण त्याची कसली परीक्षा घेतली हे आधी बघा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा. मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत.