बंगल्यामागचा आड

लग्नाला बारा वर्षं झाली, पण पंचफुला आणि पंडित गुरुजींना मोकळ्या आवाजात एकमेकांशी बोलायची सवयच राहिली नव्हती. परभणीत दीड खोलीचं घर. त्यात तीन लेकरं, सासू मालनबाई आणि कॉलेजात शिकणारा दीर. नवराबायकोचं भांडणसुद्धा कुजबुजत व्हायचं, आणि ते मिटायचंही तसंच, कुणाला न कळता. म्हणून भगवानरावांनी बंगल्याची चिठ्ठी दिली तेव्हा पंचफुलेला आधी ते खरंच वाटेना.

भगवानराव म्हणजे पंडितचे शाळेपासूनचे दोस्त, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. जिंतूरच्या पुढं पूर्णेवर धरण झालं होतं आणि धरणाच्या काठाला साहेब लोकांसाठी सरकारी बंगला होता. एरवी तिथं मास्तराला कोण उभं करतंय? पण चौऱ्याहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ होती. रेडिओवर सांगायचे की साथ आजची नाही, दहा-बारा वर्षं देशोदेशी फिरतेय, एकीकडं विझते आणि दुसरीकडं पेटते. साहेबांनी दौरे रद्द केले होते आणि बंगला महिनाभर रिकामा पडला होता. भगवानराव म्हणाले, परभणीच्या गल्लीत बसून घाण पाणी पिण्यापेक्षा तिथली हवा बरी. चार दिवस राहून या.

लेकरांना मालनबाईंनी चुडाव्याला नेलं. चुडाव्यात त्यांचं जुनं घर होतं आणि साथ अजून तिकडं आली नव्हती. स्टेशनवर धाकटी रडली नाही, याचंच पंचफुलेला वाईट वाटलं.

जिंतूरच्या स्टँडवर दवाखान्याच्या माणसांनी सगळ्यांना खाली उतरवून सुया टोचल्या. पुढच्या गाडीत आठच माणसं होती. एकेक जण वाटेत उतरत गेला आणि धरणाच्या फाट्यावर दोघंच उतरले. कंडक्टरनं घंटी ओढता ओढता विचारलं, "कुणाकडं जायलाव?" पंडितनं बंगल्याचं नाव घेतलं. कंडक्टर गाडी वळेपर्यंत त्यांच्याकडं बघत राहिला.

फाट्यापासून मैलभर चालायचं होतं. रस्त्याच्या कडेला धरणावरच्या मजुरांची वस्ती लागली. दारांना कडुलिंबाचे डहाळे बांधलेले, पण माणूस दिसेना. कुत्रीही भुंकली नाहीत. वस्ती ओलांडली आणि बंगल्याच्या वळणावर त्यांना मरीआईचा गाडा दिसला. गावात पटकी शिरली की लोक हा लहानसा लाकडी गाडा हळदीकुंकू वाहून ओढत नेतात आणि शिवेबाहेर सोडतात. पुढच्या गावानं तो आपल्या शिवेपलीकडं ढकलायचा. गाड्यातला नारळ फुटलेला होता, हिरव्या बांगड्या उन्हात चमकत होत्या आणि गाड्याचं तोंड बंगल्याकडं होतं.

पंडितच्या बापानं छप्पन साली बौद्ध झाल्यावर घरातले सगळे देव नदीत सोडले होते. पंचफुलाही असल्या गोष्टी मानत नव्हती. तरी ती गाड्याला लांबून वळसा घालून गेली. तिनं बघितलं तर पंडितही तसाच वळसा घालत होता. दोघंही त्यावर हसले नाहीत.

बंगला मात्र देखणा होता. लाल कौलं, रुंद ओसरी, आणि समोर डोळा पोचेपर्यंत पाणीच पाणी. चौकीदार सूर्यभान पन्नाशीचा, सडसडीत माणूस. बंगल्याचा स्वयंपाकही तोच बघायचा. त्यानं वाकून रामराम घातला, पिशवी हातातून घेतली, मास्तरसाहेब मास्तरसाहेब करत खुर्ची पुसली. मग वही पुढं केली. पंडितनं पूर्ण नाव लिहिलं, पंडित सखाराम वाव्हळे. सूर्यभाननं वही फिरवून नाव वाचलं आणि जरा वेळ तसाच उभा राहिला.

मग तो म्हणाला की घरवाली माहेरी गेलीय, त्यामुळं स्वयंपाकाची सोय होणार नाही. खोलीत स्टोव्ह आहे, भांडी आहेत. बंगल्याचा नळ आहे, त्याला टाकीतलं औषध घातलेलं पाणी येतं. मागच्या आडावर मात्र जायचं नाही.

तो गेल्यावर पंडित बराच वेळ पाण्याकडं बघत बसला. "आडनाव वाचलं आन त्याची बायको माहेरी गेली," तो म्हणाला.

पंचफुलेलाही ते लागलं होतं. पण बारा वर्षांनी मिळालेले चार दिवस सूर्यभानच्या वहीपायी घालवायला ती तयार नव्हती. तिनं स्टोव्ह पेटवला, पिठलं केलं. संध्याकाळी दोघं धरणाच्या भिंतीवर जाऊन बसले. पंडित तिला काहीबाही सांगत होता, शाळेतलं, वसतिगृहातलं, लग्नाआधीचं. आपला नवरा इतका बोलका आहे हे तिला नव्यानंच कळत होतं. ती मोठ्यानं हसली आणि सवयीनं तोंडावर हात ठेवला. पंडितनं तो हात बाजूला केला. खाली दारातून सोडलेलं पाणी फेसाळत पूर्णेच्या पात्रात जात होतं. हे पाणी थेट चुडाव्याला आपल्या लेकरांच्या अंगानं जातं, असं पंडित सहज म्हणाला, आणि पंचफुला भिंतीवरून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यभान दिसला नाही. झाडायला कुणी आलं नाही. मागच्या बाजूनं फिनेलचा वास येत होता आणि चौकीदाराच्या खोलीच्या कौलांवर कावळे बसले होते. पंचफुला धुणं वाळत घालायला मागं गेली, तर तिथल्या तारेवर चार लुगडी होती, चारही ओली. बायको माहेरी गेलेल्या माणसाच्या दारात चार ओली लुगडी कशाला, असा तिला प्रश्न पडला. दुपारी ती पुन्हा गेली, तर त्यातली दोन काढून परत धुऊन टाकलेली. आणि तेव्हा तिला खोलीतून आवाज ऐकू आला. माणसाचा होता, पण नीट कण्हण्याचाही जोर त्यात उरला नव्हता.

तिनं दार ढकललं. आत गोणपाटावर सूर्यभानची बायको बायनाबाई पडली होती. डोळे खोल गेलेले, गाल आत ओढलेले, बोटांची कातडी पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतलेली. खाली भाताच्या पेजेसारखं पांढरं पाणी पसरलेलं होतं. सूर्यभान कोपऱ्यात उकिडवा बसला होता, हातात ओलं फडकं.

पंचफुलेनं हे आधी बघितलं होतं. दुष्काळाच्या साली ती खडी फोडायच्या कामावर होती तेव्हा तिथं पटकी शिरली होती. एकाच रात्रीत नऊ माणसं गेली होती. नंतर एक नर्सबाई आली, तिनं साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजून कितीतरी जणांना उठवलं होतं. तो चमचा धरायला पंचफुला होती.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"काल रातीपासनं," सूर्यभान म्हणाला. मग त्यानं हात जोडले. वस्तीतली माणसं गाडीत घालून नेली ती परत आली नाहीत, बंगल्यात साथ निघाली असं कळलं तर नोकरी जाईल, कुणाला सांगू नका.

ती तडक खोलीवर आली आणि पंडितला सगळं सांगितलं. पंडितचा चेहरा उतरला. तो पिशवी भरायला लागला. साडेचारची गाडी फाट्यावर मिळेल, म्हणाला. संध्याकाळी परभणी, उद्या सकाळी चुडावा.

"लेकरांकडं?"

"मग कुठं?"

"मी तिच्या उंबऱ्यात उभी राहून आले. तुमी माझ्याशेजारी हायेत. आत्ता चुडाव्याला जाऊन धाकटीला मांडीवर घेणार का?"

पंडितचा हात पिशवीतच थांबला. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ज्यानं तुला कपभर च्या दिला न्हाई, त्याच्यासाठी तू बसणार?"

"तिनं तर मला बघितलंबी न्हाई अजून," पंचफुला म्हणाली. "तुमी डॉक्टरला आणा. मी बघते."

सूर्यभानची सायकल घेऊन पंडित निघाला. जिंतूर दहा मैल. तो वळणाआड दिसेनासा झाल्यावर तिला कळलं की आपण त्याला पाण्याची बाटलीही दिली नाही. वाटेत तहान लागली तर तो कुठलंही पाणी पिईल.

तिनं नळाचं पाणी उकळून गार केलं, त्यात साखर आणि मीठ घातलं. चमचा घेऊन बायनाबाईच्या उशाशी बसली. सूर्यभान दारात उभा होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं हे तिला दिसत होतं. काय म्हणायचं असेल तेही तिला ठाऊक होतं. ती थांबली नाही. बायनाबाईनं डोळे किलकिले करून तिच्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं.

दोन चमचे पोटात राहिले, तिसरा बाहेर आला. पुन्हा दोन. असं तासन् तास चाललं. दिवस कलला. पंडितचा पत्ता नव्हता. पंचफुला दर थोड्या वेळानं रस्त्याकडं कान द्यायची, आणि पाण्याच्या आवाजाशिवाय काहीच ऐकू यायचं नाही. आपली तीन लेकरं, वाटेत कुठंतरी एकटा पडलेला नवरा आणि मांडीवर एक परकी बाई, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. भिंतीला टेकून बसलेल्या सूर्यभानला तिनं एकदाच विचारलं, काल त्यानं त्यांना दूर ठेवलं ते कशामुळं.

सूर्यभाननं बायकोकडं बघितलं.

"खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "काल तुमी आलाव तवा ही चांगली होती. घरातच बसवली, माहेरी गेली म्हनलं. ते आडनावामुळं. आज मात्र लपवली ती मी भेलो म्हणून."

पंचफुलेनं चमचा भरला आणि पुन्हा बायनाबाईच्या ओठांना लावला.

दिवे लागायच्या वेळेला जीप आली. पुढं डॉक्टर आणि मागं सायकल धरून बसलेला पंडित. जिंतुरात डॉक्टर जागेवर नव्हते, दुसऱ्या गावाला गेले होते, म्हणून तोही सायकल मारत तिकडं गेला होता. डॉक्टरांनी बायनाबाईची नाडी बघितली आणि पाणी कुणी पाजलं ते विचारलं. मग पाणी कुठलं कुठलं पिता याची चौकशी केली. वस्ती आडाचं पाणी पीत होती. चौकीदाराचं घरही आडाचंच. बंगल्यातले दोघं नळाचं. डॉक्टरांनी आडात पांढरी पूड ओतायला लावली आणि म्हणाले, "या पाण्यापासून लांब राहिलात, म्हणून वाचलात."

पंडितनं आडाकडं बघितलं, मग सूर्यभानकडं. सूर्यभान खाली बघत होता.

जीपमध्ये बायनाबाईला घातलं, सूर्यभान बरोबर गेला. पाच दिवस तुम्ही इथून हलायचं नाही, असं डॉक्टरांनी दोघांना बजावलं. जाताना सूर्यभाननं बंगल्याच्या किल्ल्या खाली न ठेवता पंचफुलेच्या हातात दिल्या.

मग ते पाच दिवस. बंगला आता सगळा त्यांचाच होता, सगळ्या खोल्या, सगळ्या खुर्च्या. पण बोलायला सुचत नव्हतं. सकाळी उठल्या उठल्या पंचफुला नवऱ्याचे डोळे बघायची आणि तो तिचे. पोटात जरा गुरगुरलं तरी दोघं एकमेकांपासून लपवायचे. पंडित जिंतूरकडं जाताना एका शेतात पाटाचं पाणी प्यायला होता, हे त्यानं तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्या दिवशी ती त्याच्यापासून हातभरही लांब गेली नाही. चुडाव्याची काहीच खबर नव्हती. धरणाच्या दारातून पाणी सुटायचं तेव्हा ती खिडकी लावून घ्यायची.

चौथ्या दिवशी आरोग्य खात्याचा माणूस पूड टाकायला आला. बायनाबाई वाचली, त्यानं सांगितलं. सूर्यभानला जिंतुरात पोचल्यावर त्याच रात्री सुरू झालं. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच होता.

पंचफुला ओसरीच्या पायरीवर बसली. सूर्यभान त्या संध्याकाळी भिंतीला टेकून बसला होता, तेव्हाच ते त्याच्या पोटात असणार. पाणी उरलं होतं, चमचा हातात होता, आणि तिनं त्याच्याकडं नीट बघितलंही नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी बायनाबाईला भावानं बैलगाडीतून आणलं. तिला चालवत नव्हतं. तिनं पंचफुलेला ओळखलं आणि गाडीतूनच तिचं मनगट धरलं. बराच वेळ ती नुसतीच रडत राहिली. मग तिनं विचारलं, "तुमच्याजवळ ते काई बोलले का?"

पंडित मागं उभा होता. सूर्यभान काय बोलला होता ते पंचफुलेनं त्याला अजूनही सांगितलं नव्हतं.

"तुमची लय फिकीर करायलते," ती म्हणाली. "दुसरं काई न्हाई बोलले."

तिनं किल्ल्या बायनाबाईच्या भावाकडं दिल्या आणि दोघं फाट्याकडं चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी चुडाव्याच्या स्टेशनवर मालनबाई दोन लेकरांना घेऊन उभ्या होत्या, चार दिवस उलटल्यापासून त्या रोज गाडीच्या वेळेला येत होत्या. थोरली दिसेना. ती कुठंय, पंचफुलेनं उतरता उतरताच विचारलं. पोर घरी निजलीय, मालनबाई म्हणाल्या, सकाळपासून पोट बिघडलंय. गाडी हलायच्या आत पंचफुला रेल्वेचे रूळ ओलांडून धावत सुटली होती. मागून मालनबाई ओरडून सांगत होत्या की पोरीनं कैऱ्या खाल्ल्यात, चांगल्या आठ-दहा, दुसरं काही नाही.

ते खरंच होतं. संध्याकाळी थोरली उठून भाकरी मागायला लागली आणि आजीच्या मागं लागून चुलीपाशी जाऊन बसली. पण त्याआधीच्या चार तासांत पंचफुला पोरीच्या उशापासून उठली नव्हती. पंडित दोनदा येऊन सांगून गेला की ताप नाही, डोळे चांगले आहेत, नखं गुलाबी आहेत. ती नुसती मान हलवायची आणि पुन्हा पोरीच्या बोटांची कातडी चाचपून बघायची.