माझ्या तेरवीबाबत

विषय : शासकीय बाहुलीस मृत समजण्याबाबत.
संदर्भ : सन २००३च्या उन्हाळ्यातील आग.

उपरोक्त विषयातील बाहुली ती मीच. अंगात कापूस, तोही वर्धा जिल्ह्यातलाच. मला दोन तोंडं शिवली आहेत : पुढे हसरं, मागे रडकं. शासनाच्या लेखी माणसाच्या भावना एवढ्याच.

वडनेरजवळच्या एका गावात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, गंजीला आग लागली आणि घरांची एक ओळ जळाली. घरांसाठी पत्रे आले, भेदरलेल्या मुलांसाठी मी. सोबतच्या समुपदेशक बाईंनी शाळेत सांगितलं, "मन मोकळं करा." मनं मोकळी होण्याआधीच त्यांची जीप निघाली.

मुख्याध्यापक सदाशिव गुरुजींनी मला प्लास्टिकसकट काचेच्या कपाटात ठेवलं. "मयली, घाण झाली तं भरून कोण देईन?" मुलांनी काचेतूनच धीर घ्यावा, अशी व्यवस्था झाली.

तिसरीतली आकांक्षा रोज माझ्याकडे बघत उभी राही. तिची आई कोकिळा त्या आगीत गेली होती. अंत्यविधीआधीच मोठ्यांनी पोरीला आर्वीला मावशीकडे धाडलं आणि परतल्यावर सांगितलं, "माय दवाखान्यात हाये." लहानांना काही कळत नाही, या समजुतीवर गाव निर्धास्त होतं. पोरगी शाळा सुटली की एसटीच्या थांब्यावर बसून राही. तिचा बाप अंकुश तिला मुकाट घरी आणी.

एकदा तालुक्याचे साहेब तपासणीला येणार म्हणून मला टेबलावर मांडलं. साहेब आले नाहीत. मधल्या सुट्टीत पोरांनी मला पळवलं आणि खेळात लगेच मारून टाकलं.

"आगीत जयली!" प्रफुलनं जाहीर केलं. तुराट्यांची तिरडी झाली, माझ्या तोंडावर रुमाल आला. रडायचं काम मुलींकडे गेलं. त्यांनी ते मोठ्या बायांपेक्षा सुरात केलं.

"थांबा बे," आकांक्षा म्हणाली. "तोंडावरचा रुमाल काढा. मले पाहू द्या."

"लहान पोरं मेलेलं पाहत नसतात," प्रफुल म्हणाला.

"माह्या मायले तं पाहू नाई देल्लं. हिले तरी पाहू द्या."

गुरुजी धावत आले. "अबे, सरकारी वस्तू हाये थे! अन् असं अशुभ कायले खेळून राह्यले?"

शाळेवर पत्रे ठोकणारा अंकुश शिडीवरून खाली उतरला.

"तुले ठाऊक होतं, आकांक्षा?"

"हो. सारी शाळा सांगे."

"मंग थांब्यावर काऊन बसत होती?"

"तुमीच सांगतलं ना, दवाखान्यात हाये म्हून. नसती बसली तं तुमाले वाईट वाटलं असतं."

अंकुश मातीत बसला आणि भोकाड पसरून रडला. समुपदेशनाच्या दृष्टीनं ते फारच अव्यवस्थित रडणं होतं. मग त्यानं डोळे पुसून गुरुजींना विचारलं, "फावडं हाये का?"

तेराव्या दिवशी माझी तेरवीही झाली. "बाहुलीची तेरवी! लाजा सोडल्या का रे?" म्हणत आकांक्षाची आजी शकुबाईनंच वडे तळले. जेवताना आकांक्षानं विचारलं, "माय कशी गेली?" मग अंकुशनं सांगितलं, सगळं, न लपवता. त्यानंतर एकेक जण आपापली आग सांगू लागला. गुरुजी दोनदा बोलले आणि तीनदा जेवले.

सध्या मी शाळेमागच्या कडुनिंबाखाली पुरलेली आहे. हसरं तोंड वर आहे की रडकं, हे अंधारात कळत नाही. आकांक्षा आता थांब्यावर बसत नाही. शाळा सुटली की माझ्यापाशी येते आणि आईबद्दल बोलून घरी जाते. म्हणून विनंती आहे, मला उकरू नये.

मला साठ्यातून कमी करण्यासाठी गुरुजींनी तालुक्याला अर्ज केला. वस्तू प्रत्यक्ष हजर करा, असं उत्तर आलं. वस्तू मयत असल्यानं हजर राहू शकत नाही, असं गुरुजींनी कळवलं.

अर्ज प्रलंबित आहे.