वरच्या गावाची पुडी

दुपारी खालच्या गावातल्या मास्तरांचा फोन आला. साखरेच्या आजाराच्या गोळ्या या वेळी लांबट कशा काय, असं ते सहज विचारत होते. औषधवाल्या ताईंनी लगेच सकाळच्या याद्या काढून पाहिल्या.

त्या भागात औषधाचं दुकान एकच, ताईंचं. आठ गावांच्या पुड्या बांधून सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायच्या, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम. आज पुड्यांवरच्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. मास्तरांकडे गेल्या होत्या रक्तदाबाच्या गोळ्या. म्हणजे साखरेच्या गोळ्या थेट वरच्या, शेवटच्या गावात, रक्तदाबाचा त्रास असलेल्या आबांकडे! आणि आबांना साखरेचा आजारच नव्हता.

मास्तरांना त्यांनी एकही गोळी घेऊ नका म्हणून बजावलं. आबांच्या घरचा फोन काही केल्या लागेना. मग समोर उभ्या गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगत त्यांनी शटर ओढलं आणि भाड्याची जीप केली.

ज्या गावाला अकरा वर्षं औषधं पाठवली, ते गाव त्या पहिल्यांदाच बघत होत्या. आबा ओसरीवर आडवे होते. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. उन्हाचा त्रास असेल म्हणून सून वारा घालत बसली होती. गिळता येतंय याची खात्री करून ताईंनी साखरेचं पाणी चमच्याचमच्याने त्यांच्या तोंडात घातलं. जरा हुशारी आल्यावर दोघींनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं.

दवाखान्याच्या वाटेत ताईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. सुनेने ऐकून घेतलं. सासऱ्यांचं डोकं तिने मांडीवर सावरून घेतलं.

"रंग वेगळा दिसतोय म्हणून ते घेत नव्हते," ती म्हणाली. "मीच म्हटलं, ताईंनी बघूनच दिलं असेल, घ्या मुकाट्याने."

ताईंनी आबांची नाडी पुन्हा तपासली.

"तुमच्या गावात दुसरं दुकान नाही का हो?" सुनेने विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. ते सांगताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबा तीन दिवस दवाखान्यात होते. जीव वाचला, पण बोलताना जीभ अडखळायला लागली. घरी जाताना त्यांनी रोज दवाखान्यात येणाऱ्या ताईंना ओळखलंही नाही.

पुढच्या आठवड्यात ड्रायव्हरने शेवटच्या गावाची यादी आणून दिली. नेहमीचंच अक्षर, नेहमीच्याच गोळ्या, खाली एक नवं औषध. ताईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. चार खरमरीत शब्द असते तरी त्यांना बरं वाटलं असतं. नुसतीच यादी होती.

त्यांनी पुडी बांधली, सोडली, एकेक पाकीट पुन्हा वाचलं, पुन्हा बांधली. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पुडी त्याच्या हातात देताना त्यांची बोटं लवकर सुटेनात.