थंडेमहाराजांचा शीतमणी

इमारतीच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध रेशमी अस्तराची लाकडी पेटी आणि तिच्यामागे थंडेमहाराज. दोन दिवसांपूर्वी सगळ्यांदेखत लावलेलं पेटीचं सील त्यांनी तोडलं आणि आतला, अजून न वितळलेला बर्फाचा खडा उंच धरला. तोही भर उन्हाळ्यात!

"हा शीतमणी!" पेटीतला निळसर दगड दाखवत महाराज गरजले. "हा असेल तिथे हिवाळा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. औषधांच्या दुकानात काम करणारी धाकटी मात्र गर्दीतून थेट ताईच्या नवऱ्याकडे, भावोजींकडे गेली, कारण पहिला मणी त्यांनीच घेतला होता. पुढच्या आठवड्यात ते आणि ताई तळ्याकाठी तीन दिवस तंबूत राहणार होते, आणि ताईचं इन्सुलिन मण्याच्या भरवशावर पत्र्याच्या डब्यातून जाणार होतं.

"भावोजी, उन्हानं बिघडलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं. कळेपर्यंत ताई अंथरूण धरेल."

"तू फार शहाणी! डोळ्यांनी बर्फ पाहिलास ना?"

धाकटीनं वाद सोडला आणि महाराजांपुढे साळसूदपणे हात जोडले. "महाराज, मणी कुठल्याही डब्यात चालतो?"

"पत्र्याच्या डब्यातसुद्धा!"

"आणि मण्याशिवाय?"

"तासाभरात पाणी!"

"मग होऊन जाऊ दे परीक्षा. शंकेखोरांची तोंडं तरी बंद होतील."

एवढ्या गर्दीसमोर महाराज माघार कशी घेणार?

दुकानात लसी गारच्या गार कशा येतात, हे धाकटी रोज पाहत होती. शेजारच्या सुताराला हाताशी धरून तिनं एका खोक्यात दुसरं खोकं बसवलं, मधल्या जागेत चार बोटं जाड थर्माकोल ठासला, सांधे चिकटपट्टीनं बंद केले, झाकणाच्या कडेला रबराची पट्टी लावली. मग दिवसभर आत बर्फाच्या बाटल्या ठेवून पेटीच आधी गार केली. कोमट पेटी पहिल्या तासातच बर्फ गिळते.

दुसऱ्या दिवशी आवारात दोन्हीकडे सारखाच बर्फ भरला. पत्र्याच्या डब्यात मणी, धाकटीच्या पेटीत काहीच नाही. दोन्हींना सीलं महाराजांनीच लावली.

दोन दिवसांनी डबा उघडला. आत नुसतं कोमट पाणी, तळाशी मणी.

"महाराज, मणी पोहायला उतरलाय!" धाकटी म्हणाली. तिच्या पेटीत निम्म्याहून जास्त बर्फ शाबूत होता.

"कुणाचा तरी अपवित्र हात लागलाय!"

"सील तुमचंच, हातही तुमचेच," सुतार म्हणाला आणि त्यानं महाराजांच्या पेटीचं रेशमी अस्तर टराटरा फाडलं. आत थर्माकोल! वर मोठ्या अक्षरांत छापलेलं: 'नाजूक माल. जपून हाताळा.'

आवार हसून लोटपोट झालं. तेवढ्यात महाराजांनी धूम ठोकली.

भावोजींचा चेहरा पडला होता. धाकटीची पेटी जवळ ओढत ते हळूच म्हणाले, "यात इन्सुलिन बर्फाला चिकटवून ठेवायचं का गं?"

"मुळीच नाही. गोठलं तरी वाया जातं. मध्ये जाड पुठ्ठा घाला, वर टॉवेलात गुंडाळून ठेवा. आणि झाकण सारखं उघडू नका."

सहलीच्या तिसऱ्या दिवशी तळ्याकाठून ताईचा फोन आला. "अगं, अजून गार आहे! आणि हे पेटीजवळ कुणाला फिरकूही देत नाहीत."

थर्माकोल थंडी तयार करत नाही. बाहेरची उष्णता आत शिरू देत नाही, एवढंच. त्याला ना मंत्र लागतो, ना मणी. कुणी चमत्कार दाखवला तर खुशाल बघा, पण जवळच्या माणसाचा जीव त्यावर सोपवण्याआधी दोन डबे शेजारी मांडून पडताळा घ्या.