डब्याचं झाकण

पहाटेचा गलका संपला तेव्हा वैजयंतीबाईंचे कान दमून गेले होते. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे ओकचं रान बारा महिने ओलं, बुंध्याबुंध्यावर शेवाळाच्या गोधड्या. झुंजुमुंजू व्हायच्या आत रॉबिनने सुरुवात केली, मग ब्लॅकबर्ड, मागोमाग इवल्या टिट पक्ष्यांची टोळी. शेंड्यांना ऊन लागलं तसे एकेक करून सगळे निवले. ज्याच्यासाठी सगळे आले होते तो वुड वॉर्बलर पक्षी मात्र बोललाच नाही.

तीन वर्षं तो इथे कुणाला ऐकू आला नव्हता. आज हंगामातली शेवटची फेरी. आजही नाही, तर पक्ष्यांची नोंद ठेवणारा त्यांचा गट हे रान सोडून दुसरीकडे जाणार होता. निवृत्तीनंतर दर वसंतात ग्लासगोहून इथे येणाऱ्या वैजयंतीबाई अजून शेंड्यांकडे कान लावून होत्या.

"चला, निघू," गटप्रमुख मोराग म्हणाली. "आता इथे कोण गाणार?"

"आधी खाऊन घे. उपाशीपोटी ड्रायव्हिंग नको." वैजयंतीबाईंनी दगडावर स्टीलचा डबा उघडला. थालीपीठं, लोणी, लसणाची चटणी.

"रानात आलोय की डोहाळजेवणाला?" त्यांचे यजमान रघुवीर म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका. पहिलं थालीपीठ तुम्हालाच लागतं."

नको नको म्हणत मोराग दुसऱ्या थालीपिठावर आली. तेवढ्यात टिक्, टिक्, टिक्-टिक्-टिक्, आणि मग झर्रर्र. ओट्यावर पडलेलं झाकण गरगरत थांबावं तसं.

"अहो, झाकणाशी खेळू नका. गेल्या वर्षीही इथेच बसून हेच चाललं होतं तुमचं."

"गेल्या वर्षीही मी हात लावला नव्हता," रघुवीरांनी दोन्ही हात वर केले. "पण तू ऐकून घेशील तर ना."

वैजयंतीबाईंनी खाली पाहिलं. झाकण त्यांच्याच मांडीवर होतं, त्यात चटणी वाढलेली.

झर्रर्र. आवाज डोक्यावरून आला.

मोरागचा घास तोंडातच राहिला. तिने खिशातून रेकॉर्डर काढून वर धरला. कोवळ्या पानांत पिवळ्या गळ्याचा चिमुकला पक्षी गाता गाता शेपटीपर्यंत थरथरत होता. पलीकडच्या झाडावरून दुसऱ्याने उत्तर दिलं.

"पहाटेच्या गर्दीत याचा आवाज बुडतो," मोराग कुजबुजली. "आणि गर्दी पांगली की आपण गाडीत बसतो."

"म्हणजे रान राहिलं?"

"राहिलं. पुढच्या वर्षी फेरी दुपारपर्यंत. डबा मोठा आणा."

रघुवीर बायकोकडे बघत राहिले. "गेल्या वर्षी मी जी बोलणी खाल्ली, त्यांचं काय?"

"परत घेतली. हे घ्या." त्यांनी उरलेलं सगळं लोणी नवऱ्याच्या थालीपिठावर घातलं. मग झाकण पुसलं, दगडावर उभं धरलं आणि जोरात फिरवलं.

ते गरगरलं, खडखडलं, निवलं.

वरून लगेच उत्तर आलं.