कडब्याच्या खोलीत जन्मलेला अल्बम

मला हातात धरता येत नाही, फडताळात ठेवता येत नाही, फडक्यानं पुसून लख्खही करता येत नाही. तरी मी आहे. मी सात गाण्यांचा अल्बम. बेंबळीच्या हर्षालीनं मला लिहिलं, गायलं आणि कुठल्याही कंपनीच्या दारात उभं न राहता स्वतःच्या हिमतीवर बाहेर काढलं. पण माझ्या जन्माचं सगळं श्रेय तिला एकटीला देऊन चालणार नाही. त्यात एका म्हशीचा, काही शेळ्यांचा आणि ज्वारीच्या कडब्याचाही वाटा आहे. मी कुणाचे उपकार विसरणारा नाही.

माझी गाणी ब्लूज म्हणतात त्या तऱ्हेची. साता समुद्रापलीकडं कापसाच्या रानात राबणाऱ्या माणसांनी हे गाणं जन्माला घातलं. यात सूर सरळ उभा राहत नाही. वाकतो, घसरतो, मन भरून आल्यावर बोलणं घसरतं तसा. हर्षालीनं ते पहिल्यांदा मोबाइलवर ऐकलं तेव्हा तिला वाटलं, हे आपण आधी कुठंतरी ऐकलंय. कुठं, ते काही केल्या आठवेना.

ती धाराशिवला एका दवाखान्यात नोकरी करते. शहरातल्या काचेच्या स्टुडिओत उभी राहिली की तिचा सूरच लागायचा नाही. म्हणून गाणी रेकॉर्ड करायला तिनं घरची कडब्याची खोली निवडली. नुकतीच सुगी झालेली, खोली पेंढ्यांनी आढ्यापर्यंत भरलेली. मधल्या थोड्या पेंढ्या काढून तिनं गिटार घेऊन बसायला जागा केली. चारी बाजूंनी कडबा, खिडकीतही कडबा. आवाज जरासुद्धा घुमत नव्हता.

तिचे वडील बब्रुवान दारात येऊन म्हणाले, "पोरी, कडबा म्हशीचा हाय. तिला काय गिटार खाऊ घालू व्हय?"

शेवटी तडजोड झाली. रविवारी हर्षालीनं गायचं आणि आठवडाभर म्हशीनं खायचं. त्यामुळं एकेक गाणं होत गेलं तशा माझ्या भिंती कमी होत गेल्या. पहिलं गाणं ऐकलंत तर कुणी कानाशी बोलतंय असं वाटेल. चौथ्यापासून आवाज घुमू लागतो आणि सातव्यात तर रिकामी खोलीच ऐकू येते. परवा एक जाणकार म्हणाले, केवढा विचार करून केलंय! विचार कसला डोंबलाचा, म्हैस खात होती.

सातव्या गाण्याच्या रविवारी खिडकीतल्या पेंढ्याही संपल्या होत्या. हर्षालीनं एक लांब सूर सोडला आणि थांबली. तेवढ्यात बाहेरून तिच्या आईची, नागूबाईची हाळी आली. माळावरच्या शेळ्यांना ती बोलवत होती, "येऽऽ गं येऽऽ!" हर्षालीचा सूर जिथं वाकला होता, तिथूनच तो आवाज वर चढला आणि वाकून खाली उतरला. हर्षालीची बोटं तारांवरच राहिली. आपण हे कुठं ऐकलं होतं, ते तिला आत्ता आठवलं.

धाराशिव जिल्ह्यातल्याच वाशीचा श्रीनाथ तिचा मित्र. कॉम्प्युटरवर गाणी साफसूफ करून जुळवायचं काम त्याचं. तो म्हणाला, "ही हाळी काढायला सांगू नगंस. सगळा जीव इथंच हाय."

नागूबाईला हे कळलं मात्र, ती उसळलीच. "काढ ते! शेरडं बोलवायचा आवाज गाण्यात घालत्यात व्हय? लोकं हासतील."

"आई, लई गोड लागलाय गं तुझा आवाज."

"न्हाय म्हणलं ना!" मग ती खाली बघत म्हणाली, "म्या नांदायला आले तवा सासू म्हणायची, बाईचा आवाज उंबऱ्याच्या आत पायजे. एक शेरडांमागंच तेवढं मोकळं वरडायला मिळायचं. ते गाणं न्हाय बाई."

आईला दुखवून गाणं पुरं करणं हर्षालीला जमलं नसतं. तिनं श्रीनाथला हाळी काढायला सांगितली. त्यानं काढली. मला फार वाईट वाटलं. सातवं गाणं तेच होतं, पण कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं मध्येच गप्प व्हायचं.

मला जगात सोडायच्या आदल्या दिवशी हर्षालीनं अंगणात स्पीकर मांडला. आपण शब्द पाळला हे तिला आईला ऐकवायचं होतं. पण घाईत तिच्याकडून जुनीच फाईल लागली. सातवं गाणं आलं आणि अंगणात हाळी घुमली.

गोठ्यात रवंथ करत बसलेल्या शेळ्या ताडकन उठल्या. फाटक ढकलून सगळ्या स्पीकरभोवती गोळा झाल्या आणि त्याला हुंगू लागल्या. बब्रुवान हसून हसून खाली बसले. "अगं, तू हितं बसलीस, आन् ह्या कुणाच्या हाकंला पळाल्या?"

हर्षाली मात्र घाबरली. "आई, चुकून लागलं गं. थांब, बंद करते."

नागूबाईनं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. पुन्यांदा लाव."

पुन्हा लागलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "केवढा लांब जातोय गं माझा आवाज." आणि मग, "ठीव तसंच."

असा मी पुरा झालो. माझ्यावर गायिका म्हणून दोन नावं आहेत, हर्षाली आणि नागूबाई. मला ऐकणारे फार नाहीत, पण जे आहेत ते मनापासून ऐकतात. तामलवाडीचा एक ट्रॅक्टरवाला मला नांगरताना लावतो, कुणी परदेशातून लिहितं की भाषा कळली नाही पण रडू आलं. एवढं मिळालं, मी तृप्त आहे. तुमच्याकडं मागणं एकच. दोन गाणी ऐकून पुढं पळू नका, सातव्यापर्यंत या.

हर्षालीनं मला आईच्या मोबाइलमध्येही घालून दिलंय. ती मला क्वचितच लावते, पण मोबाइल कमरेच्या पिशवीत असतो, म्हणून रोज संध्याकाळी मी तिच्याबरोबर माळावर जातो. नागूबाई हाळी देते. शेळ्या लगेच येतात, तिच्याभोवती गोळा होऊन उभ्या राहतात. सगळ्या आल्या, एकही मागं राहिलेली नाही, हे तिला दिसत असतं. तरी ती हाळी देतच राहते.