आयोवरचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. हवाई बेटावरच्या मौना केआ डोंगराच्या माथ्यावर, एका मोठ्या दुर्बिणीच्या पोटात माझी उमेदीची वर्षं गेली. तुम्हाला उजेड दिसतो, मला ऊब दिसते. पण आग पाहायची म्हणून मला कायम गोठवून ठेवायचे. हे काय गौडबंगाल, ते फार उशिरा कळलं. मीच तापलो असतो, तर मला माझीच ऊब दिसत राहिली असती.

गुरूचा चंद्र आयो, त्याच्यावर माझी नजर असे. गुरू त्याला एकीकडून ओढतो, बाकीचे मोठे चंद्र दुसरीकडून. या ओढाताणीत तो आतून तापतो आणि जागोजागी ज्वालामुखी फुटतात. डोंगराखालच्या हिलो गावची शास्त्रज्ञ हारुमी हे सगळं दुर्बीण चालवणाऱ्या पुआलानी आंटीला समजावत होती, तेव्हा आंटी म्हणाली, "आमच्या वहिनीसारखंच की. एकीकडून नवरा ओढतो, दुसरीकडून भाऊ. पोटात आग पडणारच."

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग एकदा मला थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं आणि माझ्या नजरेत एक तेजस्वी डाग कायमचा बसला. मला तो डाग वाटेचना. हारुमीलाही वाटला नाही. नवा ज्वालामुखी सापडला म्हणून तिनं सगळ्यांना कळवलं, पण दुसऱ्या कुठल्याच दुर्बिणीला तो दिसेना आणि तिचं हसं झालं. तुझा डोंगर विझला का, असं लोक तिला कितीतरी दिवस विचारत. शेवटी मला काढून नवा कॅमेरा बसवायचं ठरलं.

त्याआधीच्या एका पहाटे आयो नेमका त्या डागाखाली आला. गुरू मावळायला टेकला होता. ठिपका मात्र नेहमीपेक्षा ठळक दिसत होता. हारुमीनं फोन उचलला आणि परत ठेवला. मलाही कळेना, मी पाहतोय ते बाहेर आहे की माझ्यातच.

"आंटी, दुर्बीण जरा डावीकडे घे," ती म्हणाली. "डाग असेल तर जागीच राहील. आग असेल तर चंद्राबरोबर सरकेल."

आंटीनं दुर्बीण सरकवली. एकाचे दोन ठिपके झाले. एक जागीच राहिला, दुसरा आयोबरोबर निघाला.

हारुमी हसत सुटली आणि तिनं फोन लावले. दुसऱ्या दुर्बिणीही तिकडे वळल्या, त्यांनाही आग दिसली. आंटी मात्र पडद्याकडे बघत उभी होती. याच बेटावरच्या पुना भागातलं तिचं घर मागे ज्वालामुखीच्या लाव्हानं गिळलं होतं.

"तिथं कोणाचं घर आहे का गं?"

"नाही आंटी. तिथं कोणीच राहत नाही."

"मग पेटू दे," असं म्हणून तिनं डोळे पुसले.

आग एकच. ती बघून हारुमी हसत होती, आंटी रडत होती. मी कोणासारखं व्हायचं, ते मला समजलं नाही.

मी खरा ठरलो, तरी मला काढलंच. आता हिलोच्या एका शाळेत कपाटात असतो. हारुमी कधी येते, बाहीनं माझी धूळ पुसते आणि जाते.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी म्हणत नाही. माझा माझ्यावरही नव्हता. फक्त टाकून देण्याआधी तिला एकदा जरा सरकवून बघा.